पारा उतरला, ऊन नव्हे

दिवाळी आटोपते, पहाटे पांघरूण अंगावर ओढून घ्यावेसे वाटू लागते आणि उन्हाळ्याचा विषय आपण फाल्गुनापर्यंत मिटवून टाकतो. छत्र्या माळ्यावर जातात, टोप्या खुंटीवर राहतात आणि भर दुपारी रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहून गप्पा मारण्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. याच सुमारास शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे फलक लागतात, ऊसतोडीच्या टोळ्या फडांत उतरतात, सहलींच्या गाड्या गडकोटांकडे धावू लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत आपण उन्हाची धास्ती सोडून देतो, नेमक्या त्याच महिन्यांत आपली मुले आणि आपले मजूर उन्हात तासन् तास काढतात. ही विसंगती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या लक्षात ती एका डिसेंबरात आली. एका शाळेच्या क्रीडास्पर्धांना जाण्याचा योग आला होता. पाहुण्यांसाठी मंडप होता. पाचवी-सहावीची मुले मात्र सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत मैदानाच्या कडेला ओळीने बसविलेली होती. हवा सुखद होती, वारा थंड होता, कुणाची काही तक्रार नव्हती. त्या मुलांत एक मुलगी अशी होती की जिच्या मानेवर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. दुसऱ्या दिवशी त्या डागांची कातडी लाल होऊन तिच्यावर फोड आले. वर्गशिक्षकांना ते खरेच वाटेना. ‘थंडीत कुठले आले ऊन लागायला?’ हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. त्या शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही, कारण आपणां सर्वांची समजूत तीच आहे. ऊन म्हणजे उष्णता, आणि उष्णता नाही म्हणजे ऊन नाही, असे समीकरण आपण मनाशी बांधून ठेवले आहे. ते समीकरणच चुकीचे आहे.

उष्णता वेगळी, दाह वेगळा

इ. स. १८०० मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला. हे अवरक्त किरण होत. पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीतील येना येथे योहान रिटर याने दुसरे टोक तपासले. जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य भागात त्याने सिल्व्हर क्लोराइड ठेवले, तेव्हा ते इतर कोणत्याही रंगापेक्षा लवकर काळे पडले. हे जंबुपार अथवा अतिनील किरण होत. ऊब जाणवते ती प्रामुख्याने दृश्य प्रकाशामुळे आणि अवरक्त किरणांमुळे; कातडी भाजते ती जंबुपार किरणांमुळे. एकाच सूर्याची ही दोन कामे आहेत आणि ती एकमेकांच्या प्रमाणात चालतीलच असे नाही.

यातील खरी अडचण अशी की, उष्णता जाणण्याची सोय निसर्गाने आपल्या कातडीत केली आहे; जंबुपार किरण जाणण्याची केलेली नाही. ते अंगावर पडत असताना काहीच कळत नाही. लाली आणि आग चार-सहा तासांनी जाणवू लागते आणि साधारणतः दुसऱ्या दिवशी ती कळसाला पोचते. मे महिन्यात उकाडाच माणसाला सावलीत ढकलतो. डिसेंबरात थंड वारा ही सूचनाही पुसून टाकतो. वैशाखातला सूर्य निदान हाकलून तरी देतो. पौषातला सूर्य बसा म्हणतो. म्हणूनच सौम्य वाटणाऱ्या उन्हात माणूस अधिक काळ राहतो, आणि मात्रा कमी असली तरी घोट अधिक घेतले गेल्याने परिणाम व्हायचा तो होतोच.

सावलीचा हिशेब

अर्थात, हिवाळ्यातील ऊन मे महिन्यातील उन्हाइतकेच तीव्र असते, असे म्हणणे खोटे ठरेल. सूर्य क्षितिजाकडे कलला की त्याच्या किरणांना वातावरणाच्या अधिक जाड थरातून यावे लागते आणि वाटेत जंबुपार किरण अधिक शोषले जातात. प्रश्न आहे तो आपला सूर्य किती कलतो हा. त्याचे उत्तर भूगोलाच्या कोणत्याही शिक्षकाला फळ्यावर मांडता येईल. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश. २२ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी, तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. लंडनमध्ये त्याच दिवशी तो अवघा पंधरा अंशांवर असतो. मुंबईच्या डिसेंबरातील सूर्याइतकी उंची लंडनच्या सूर्याला एप्रिलच्या मध्यावर लाभते. उलट मुंबईत ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य जितका उंच असतो, तितका लंडनमध्ये तो जूनच्या परमोच्च दिवशी असतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे साडेसात महिने, आपला मध्यान्हीचा सूर्य लंडनच्या भर उन्हाळ्यातील सूर्यापेक्षाही उंचावर असतो. ‘उन्हाळ्यातच जपा’ हा सल्ला तिकडच्या सूर्याला शोभणारा आहे. आपण तो आपल्या सूर्याला लावतो.

यासाठी उपकरणे लागत नाहीत. एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर उभी रोवावी. सावली काठीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर आहे आणि कातडीला जपण्याची वेळ आहे, असा साधा नियम आहे. आता वर्षातील त्या सर्वांत लहान दिवशी काय घडते पाहा. भर मध्यान्ही या काठीची सावली कोल्हापुरात सुमारे ८४ सेंटिमीटर, पुण्यात ९०, मुंबईत ९१ आणि नागपुरात ९९ सेंटिमीटर पडते. लंडनमध्ये तीच सावली पावणेचार मीटरांच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ साऱ्या महाराष्ट्रात निरभ्र मध्यान्ही माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड नसते, असा दिवस वर्षातून एकही उगवत नाही!

यात आणखी काही गोष्टींची भर पडते. पृथ्वीवरील ओझोनचा थर उष्ण कटिबंधावर मुळातच काहीसा विरळ असतो. याचा दक्षिण ध्रुवावरील ओझोनच्या विवराशी संबंध नाही. ही आपल्या प्रदेशाची नैसर्गिक स्थिती आहे. तसेच उंचीबरोबर जंबुपार किरण वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार दर हजार मीटरमागे सुमारे दहा टक्के. महाबळेश्वरच्या पठारावर थंडीच्या दिवसांत स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या बायाबापड्यांना खालच्या गावांपेक्षा गारवाही अधिक मिळतो आणि दाहक किरणही अधिक मिळतात. ताजे बर्फ तर सुमारे ऐंशी टक्के जंबुपार किरण परतवते. जानेवारीत हिमालयाची सहल करून आलेले आपले पर्यटक सोललेले नाक घेऊन परततात ते त्यामुळे. पातळ ढगांचाही भरवसा नाही, त्यांतून हे किरण बव्हंशी पार होतात. आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मुंबईच्या पुन्हा एकदा थेट डोक्यावर येतो, हे पावसाळी ढगांच्या आड आपल्या ध्यानातही राहत नाही. ढग फाटून चार तास लख्ख ऊन पडले, की ते ऊन मे महिन्याच्याच जातीचे असते.

कुणाला भोगावे लागते?

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. आपण सावळी माणसे. आपल्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य आपले रक्षण करते. मग ही चिंता गोऱ्या लोकांची म्हणून सोडून का देऊ नये? मेलॅनिन रक्षण करते हे खरे, आणि कातडीचा कर्करोग आपल्याकडे युरोपीय वंशाच्या लोकांच्या मानाने फारच कमी आढळतो हेही खरे. पण हे कवच सर्वांना सारखे मिळालेले नाही आणि ते अभेद्यही नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून ती भाजलीच नाही असे ठरत नाही. आग होणे, कातडी ताठणे, पुढे तिचे पापुद्रे निघणे, ही लक्षणे दिसतातच. ज्यांना कोड आहे त्यांच्या डागांत हे कवच नसते. जन्मतःच ज्यांच्या अंगात रंगद्रव्य नसते, अशा मुलांना तर बाराही महिने वैशाखच असतो. काही औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी पावसाळ्यात दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी त्यांपैकीच एक. गोळी मुळीच टाळू नये. पण ती घेणाऱ्याने अंग झाकावे, एवढे त्याला सांगितले गेले पाहिजे. आणि डोळ्यांना तर मेलॅनिनचे असे कवच नाहीच. मोतीबिंदूच्या अनेक कारणांपैकी जंबुपार किरण हे एक कारण आहे. उघड्यावर राबणाऱ्यांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा वाढतो, त्याचाही या किरणांशी संबंध आहे. हे नुकसान एका दिवसात होत नाही. ते वर्षानुवर्षे साठत जाते, आणि साठताना ते मे महिना व डिसेंबर असा भेद करीत नाही.

दुर्दैवाने उन्हाचा विचार आपल्या समाजात एकाच अंगाने केला जातो, तो म्हणजे रंग काळवंडेल या भीतीने. मुलीने उन्हात जाऊ नये, ते तिच्या आरोग्यासाठी नव्हे, तर लग्नाच्या बाजारात तिचा भाव उतरू नये म्हणून. गोरेपणाच्या या हव्यासावर मलमांचा व्यापार उभा राहिला, आणि उन्हापासून संरक्षण ही नटण्यामुरडण्याची बाब होऊन बसली. परिणामी ज्यांना त्या संरक्षणाची खरी निकड, ते ऊसतोड कामगार, मिठागरांतील मजूर, मच्छीमार, रस्त्यावरचे पोलीस आणि बांधकामावरच्या स्त्रिया या चर्चेच्या बाहेरच राहिल्या. बीडकडून कोयता घेऊन निघालेले जोडपे ऑक्टोबर-नोव्हेंबरात फडात उतरते ते मार्च-एप्रिलपर्यंत. त्यांचा सारा हंगाम आपल्या दृष्टीने ‘थंडीचा’ असतो. वाढ्यांच्या पानांनी हात कापतात ते दिसते. मानेवर आणि डोळ्यांवर काय साठत आहे, ते दिसत नाही.

थर्मामीटरने आखलेले वेळापत्रक

शासनव्यवहाराची रीतही हीच आहे. २०१३ साली अहमदाबादने उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा तयार केला, आणि पुढे इतर शहरांनी व राज्यांनी तो कित्ता गिरविला. ही स्तुत्य गोष्ट होय. उष्माघाताने माणसे मरतात आणि त्या संकटाला पहिला मान दिलाच पाहिजे. परंतु असे आराखडे मार्च ते जूनपुरते असतात आणि ते पाऱ्याच्या आकड्यावर चालतात. मैदानी प्रदेशात ४० अंश, किनाऱ्यावर ३७ अंश गाठल्यावाचून उष्णतेच्या लाटेचा विचारही सुरू होत नाही. शाळाही मार्चमध्येच सकाळची होते. जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या जंबुपार निर्देशांकानुसार ३ या आकड्यापासूनच काळजी घ्यावयाची असते, आणि आपल्याकडे भर डिसेंबरातही निरभ्र मध्यान्ही ती मर्यादा सहज ओलांडली जाते. वृत्तपत्रांत रोजचे कमाल-किमान तापमान छापले जाते. त्याच्या शेजारी या निर्देशांकाचा एक आकडा बाराही महिने छापण्यास फारशी जागा लागणार नाही.

ऊन वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ‘ड’ जीवनसत्त्व कातडीत तयार होण्यासाठी ऊन हवेच, आणि दिवसभर छपराखाली बसणाऱ्या कारकुनाला व विद्यार्थ्याला ते अनेकदा पुरेसे मिळत नाही. पण त्यासाठी थोडा वेळ ऊन अंगावर घेणे पुरते. कातडी भाजेपर्यंत बसण्याची गरज नसते. भूक भागविणे आणि अजीर्ण करून घेणे यांत जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे.

उपायही महाग नाहीत. मलमाच्या नळीपेक्षा घट्ट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे कापड अधिक भरवशाचे. पातळ पांढरा सदरा घामाने भिजला की त्याचे संरक्षण घटते. रुंद काठाची टोपी, मानेवरून घेतलेले उपरणे, डोक्यावरून ओढलेला पदर, ही आपल्या वाडवडिलांची साधने हिवाळ्यातही तितकीच उपयोगाची आहेत. आपल्याकडे मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. मुंबई-पुण्याकडे ती ऋतुमानानुसार सव्वाबारा ते एकच्या दरम्यान होते. तेव्हा शाळांनी स्पर्धा साडेदहापर्यंत आणि तीननंतर घ्याव्यात. मधल्या वेळी मुलांना वर्गांत अथवा झाडाखाली बसवावे, आणि एकच मंडप असेल तर तो पाहुण्यांआधी मुलांना द्यावा. प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीच्या तालमींनाही हाच नियम लावावा. कारखान्यांनी फडाजवळ सावलीची सोय आणि दुपारची विश्रांती यांची तरतूद गळीत हंगामाच्या पहिल्या दिवसापासून करावी, मार्चची वाट पाहू नये.

आणि शिक्षकांनी एक गोष्ट अवश्य करावी. शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी रोवावी आणि दर आठवड्याला मध्यान्हीची सावली मुलांकडून मोजून घ्यावी. वर्षअखेर त्या वहीत एकाही आठवड्याला शंभर सेंटिमीटर ओलांडलेले दिसणार नाहीत, तेव्हा थंडीतले ऊन म्हणजे काय, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मात्र त्या मधल्या काळात मुलांना मैदानावर बसविण्यापूर्वी मोठ्यांनी आपली स्वतःची सावली एकदा पाहावी, एवढीच अपेक्षा आहे.