हवा कोणी मोजायची?

गोव्याच्या रस्त्यांवर पोलीस दुचाकीस्वाराला अडवून शिरस्त्राण पाहतात, परवाना पाहतात, विम्याचा कागद मागतात. ते त्यांनी पाहावेच; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने शिरस्त्राण सक्तीचे केले आहे. परंतु शिरस्त्राण कामी येते ते माणूस आपटल्यावर. तो आपटू नये याचा भार ज्या दोन टायरांवर असतो, त्यांतील हवेची विचारपूस कोणीच करीत नाही.

याबाबतचे समजही विलक्षण आहेत. पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता हवा कमी झाली की टायर चेपतो, त्याच्या खाचा मिटू लागतात आणि पाण्याला वाट उरत नाही. वेगात चाक पाण्यावर तरंगते व ब्रेक निरुपयोगी ठरतो. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा काढणारेही आहेत. कमी हवेचा टायर अधिक लवतो, अधिक तापतो, आणि त्यामुळेच फुटण्याचा धोका वाढतो. हवा जास्त भरणे हाही उपाय नव्हे, कारण मग टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो.

लहान मोटारसायकलींना साधारणपणे पुढे २५ आणि मागे २८ पौंडांच्या आसपास हवा लागते. मागे माणूस बसला की मागच्या चाकाला आणखी काही पौंड. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तो टायर थंड असतानाच मोजावयाचा असतो. चवथीच्या दिवसांत माटोळीचे सामान, पत्नी व मूल घेऊन निघणारा गृहस्थ मात्र अंगठ्याने चाक दाबून पुढे जातो! पिवळ्या-काळ्या गाडीवरील पायलटाचे तर पोटच मागे बसणाऱ्या उतारूवर चालते. आणि काळ्या पाटीची भाड्याची दुचाकी घेणाऱ्या पाहुण्याला किल्ली मिळते, आकडा कोणी सांगत नाही.

पेट्रोल पंपावर हवा मोफत देणे हे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. पण तेथील मापकाचा काटा खरा बोलतो काय? वजनमापे खाते पेट्रोलचे माप तपासते. त्याच फेरीत शेजारचा हवेचा मापकही तपासावा आणि ही तपासणी मृगापूर्वी पुरी व्हावी, अशी आमची मागणी आहे. भाड्याच्या दुचाकीवर हवेचा आकडा ठळक रंगविण्याची अट वाहतूक खात्याने घातल्यास तिला फारसा खर्चही येणार नाही.