'ब्लेड रनर'चा अंत : पाठ, हेतू आणि चाहत्यांचा वाद

१

कलाकृतीचा अंत म्हणजे तिच्या आशयाचा निष्कर्ष, ही समजूत आपल्या अध्यापनात चांगलीच रुळलेली आहे. कादंबरीचा वा नाटकाचा शेवट काय झाला हे कळले की तिचे आशयसूत्र हाती लागले, असे विद्यार्थी मानतात. आणि शेवट संदिग्ध असेल तर 'लेखकाला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न पुढे करून त्या संदिग्धतेचा निकाल लावून टाकतात. या समजुतीची कसोटी पाहणारे एक उदाहरण चित्रपटाच्या, आणि त्यातही विज्ञानकथेसारख्या, मराठी विभागांत फारशी प्रतिष्ठा न मिळालेल्या प्रकारात सापडते. रिडली स्कॉट दिग्दर्शित 'ब्लेड रनर' (१९८२) या अमेरिकन चित्रपटाच्या अंताविषयी त्याच्या चाहत्यांत कित्येक दशके वाद चालू आहे. चाहत्यांचा वाद म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. परंतु संहिता, पाठभेद, कर्त्याचा हेतू आणि वाचकाचा अधिकार हे साहित्यविचारातील मूलभूत प्रश्न त्या वादात अगदी उघड्यावर आलेले दिसतात. त्या वादाचे स्वरूप तपासून त्यावर एक भूमिका मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

चित्रपटाचा आधार फिलिप के. डिक यांची 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' (१९६८) ही कादंबरी होय. कथानक घडते ते नोव्हेंबर २०१९ मधील, म्हणजे त्या वेळच्या भविष्यातील, लॉस एंजेलिस शहरात. पृथ्वीबाहेरील वसाहतींत गुलामांप्रमाणे राबविण्यासाठी माणसापासून वेगळे ओळखू न येणारे कृत्रिम मानव तयार केले गेले आहेत. त्यांना 'रेप्लिकंट' म्हणतात. त्यांचे आयुष्य चार वर्षांचे, आणि पृथ्वीवर पाऊल ठेवणे हा त्यांचा देहान्त शिक्षेस पात्र गुन्हा. पळून आलेल्या अशा रेप्लिकंटांना हुडकून ठार करणारा पोलीस म्हणजे 'ब्लेड रनर'. डेकार्ड हा असाच एक निवृत्त अधिकारी. त्याला पुन्हा कामावर आणले जाते. प्रश्न विचारून, बाहुलीच्या आकुंचन-प्रसरणावरून समोरच्याची सहानुभूती मोजणारे एक यंत्र हे त्याचे साधन. पुढे रॉय बॅटी हा रेप्लिकंटांचा नेता, स्वतःचे आयुष्य संपत आले असताना, गच्चीवरून कोसळणाऱ्या डेकार्डला वाचवतो आणि त्याच्यासमोर शांतपणे मरण पावतो. आपण कृत्रिम आहोत हे ठाऊक नसलेल्या, उसन्या आठवणींवर वाढलेल्या रेचेलला घेऊन डेकार्ड घराबाहेर पडतो, तेव्हा दाराबाहेर त्याला चांदीच्या कागदाची एक चिमुकली आकृती सापडते : एकशिंगी घोडा. ती गॅफ या सहकारी पोलिसाची खूण आहे. अशा आकृत्या करण्याची त्याला सवय आहे. डेकार्ड ती उचलतो, न्याहाळतो आणि मान हलवतो.

वाद आहे तो या मान हलवण्याच्या अर्थाचा. डेकार्डला नेमके काय उमगले?

३

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी 'कोणत्या पाठात?' असा प्रतिप्रश्न करणे भाग आहे. कारण 'ब्लेड रनर' एक नाही. प्रदर्शनापूर्वी मार्च १९८२ मध्ये डेन्व्हर आणि डॅलस येथे निवडक प्रेक्षकांना दाखविलेल्या प्रतीविषयी नाराजी व्यक्त झाली. त्यामुळे जून १९८२ मध्ये प्रदर्शित झालेल्या पाठात दोन गोष्टी वाढविण्यात आल्या : डेकार्डच्या आवाजातील निवेदन आणि सुखान्त. या सुखान्तात डेकार्ड आणि रेचेल हिरव्यागार डोंगरांतून गाडीने जातात आणि रेचेलला आयुष्याची चार वर्षांची मर्यादा नाही, हे निवेदक आपल्याला सांगून टाकतो. त्यातील डोंगरांची हवाई दृश्ये स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या 'द शायनिंग' (१९८०) या चित्रपटासाठी टिपलेल्या, पण न वापरलेल्या चित्रफितींतून घेतलेली आहेत. दुसऱ्याच कलाकृतीतून उरलेले निसर्गचित्र या कलाकृतीच्या शेवटी चिकटवले गेले, ही बाब पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष अर्थपूर्ण वाटावी.

१९९२ मध्ये 'दिग्दर्शकाचा पाठ' म्हणून नवी प्रत प्रदर्शित झाली. तीत निवेदन आणि सुखान्त हे दोन्ही गेले; उद्वाहकाचे दार बंद होते आणि चित्रपट संपतो. त्याचबरोबर पूर्वार्धात काही सेकंदांचे एक दृश्य आले : पियानोपाशी तंद्रीत बसलेल्या डेकार्डच्या मनश्चक्षूंसमोरून धावत जाणारा एकशिंगी घोडा. २००७ मध्ये स्कॉट यांच्या संपूर्ण नियंत्रणाखाली तयार झालेला 'अंतिम पाठ' याच दिशेने पुढे गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कागदी घोडा उचलून डेकार्ड मान हलवतो ते दृश्य १९८२ च्या पाठातही आहे आणि नंतरच्या पाठांतही. परंतु १९८२ च्या प्रेक्षकाला त्याचा अर्थ एवढाच लागतो, की गॅफ येथे येऊन गेला आणि त्याने रेचेलला जिवंत सोडले. १९९२ च्या प्रेक्षकाला त्याच दृश्यातून गॅफला डेकार्डचे खाजगी स्वप्न ठाऊक असल्याची सूचना मिळते. डेकार्डने रेचेलला तिच्या बालपणीच्या गुप्त आठवणी सांगून ती कृत्रिम असल्याचे पटविले होते, हे प्रेक्षकाच्या स्मरणात असतेच. तेव्हा डेकार्डची स्वप्नेही कोणी तरी घडविलेली असणार, असा तर्क आपोआप उभा राहतो. थोडक्यात, कितीतरी आधी आलेल्या काही सेकंदांनी शेवटच्या क्षणाचा अर्थ पालटून टाकला. अंताचा अर्थ अंतात नसतो, तो संपूर्ण रचनेत वाटलेला असतो, या सिद्धान्ताचे याहून स्वच्छ प्रात्यक्षिक क्वचितच मिळेल.

४

चाहत्यांमध्ये दोन पक्ष आहेत. डेकार्ड स्वतःच रेप्लिकंट आहे असे म्हणणारा पक्ष एकशिंगी घोड्याबरोबर इतरही पुरावे देतो. डेकार्डच्या पियानोवर जुनी छायाचित्रे मांडलेली आहेत आणि छायाचित्रांची ओढ ही रेप्लिकंटांची खूण म्हणून चित्रपटात आली आहे. रेप्लिकंटांच्या डोळ्यांत दिसणारी चमक एका दृश्यात त्याच्याही डोळ्यांत दिसते. ही चाचणी तू स्वतः कधी दिली आहेस काय, असे रेचेल विचारते तेव्हा त्याच्याकडून उत्तर येत नाही. शिवाय संख्येचा घोळ आहे : सहा रेप्लिकंट पळाले, त्यांपैकी एक मेला, असे वरिष्ठ अधिकारी सांगतो, पडद्यावर मात्र चारच दिसतात. मग पाचवा कोण? वस्तुतः निर्मितीच्या काळात एक व्यक्तिरेखा वगळली गेली आणि जुना संवाद तसाच राहिला, एवढेच घडले होते. २००७ च्या पाठात 'एक मेला'चे 'दोन मेले' करून ही चूक दुरुस्त करण्यात आली. लेखनिकाच्या हस्तदोषातून गहन अर्थ निष्पन्न व्हावा आणि पुढे शुद्ध प्रत निघताच तो अर्थ नाहीसा व्हावा, असाच हा प्रकार होय.

दुसरा पक्ष डेकार्डला माणूस मानतो. डेकार्ड शरीराने दुबळा आहे. जवळजवळ प्रत्येक झटापटीत तो मार खातो. कादंबरीतील डेकार्ड माणूसच आहे. आणि सर्वांत वजनदार युक्तिवाद नैतिक स्वरूपाचा आहे : ज्या माणसाने आपल्या सोबत्यांना ठार केले त्यालाच कृत्रिम प्राणी जीवदान देतो, आणि माणसाने गमावलेली करुणा यंत्राच्या ठायी प्रकट होते, हे चित्रपटाचे मर्म आहे. डेकार्डही कृत्रिम ठरला, तर या कृतीतील पल्ला संपतो आणि उरते ती केवळ सजातीयाविषयीची कणव.

दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत जी सूक्ष्मता आहे, तिचे मोकळेपणाने कौतुक केले पाहिजे. एकेका चौकटीकडे, एकेका संवादाकडे इतक्या बारकाईने पाहणारे वाचक आपल्या कादंबऱ्यांना किती लाभतात?

५

वाद मिटविण्यासाठी मग कर्त्याला साक्षीला बोलावले गेले. २००० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटात स्कॉट यांनी डेकार्ड रेप्लिकंट असल्याचे सांगून टाकले. अनेकांच्या मते वाद तेथेच संपला. परंतु चित्रपटाचा कर्ता कोण? डेकार्ड साकारणारे हॅरिसन फोर्ड यांनी ही व्यक्तिरेखा माणूसच असली पाहिजे अशी भूमिका दीर्घकाळ घेतली होती. पुढे २०२३ मधील एका मुलाखतीत मात्र तो रेप्लिकंट असल्याचे आपल्याला ठाऊकच होते, असे त्यांनी सांगितले. पटकथाकार हॅम्प्टन फँचर यांचा कल प्रश्न खुला ठेवण्याकडे राहिला. मूळ कादंबरीकार डिक तर चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, मार्च १९८२ मध्ये, निवर्तले. म्हणजे 'हेतू' एक नाही, तो स्थिरही नाही आणि काही बाबतींत तो कलाकृतीनंतर आकाराला आलेला आहे. कर्त्याच्या हेतूवरून कृतीचा अर्थ वा दर्जा ठरविण्यातील तर्कदोष विमसॅट आणि बिअर्डस्ले यांनी १९४६ मध्येच दाखवून दिला होता. 'ब्लेड रनर'च्या इतिहासाने त्यांच्या प्रतिपादनाला जणू एक विस्तृत परिशिष्ट जोडले आहे.

आपल्या पाठचिकित्सेच्या परंपरेकडे पाहिले असता या प्रकरणाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांनी तीत स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्यास बजावले, ते प्रक्षेप परक्याच्या हातून होतो हे गृहीत धरून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही संपादकांनी हस्तलिखितांची साक्ष प्रमाण मानली आणि शंकास्पद भाग तळटीपांत व परिशिष्टांत ठेवला. तो नष्ट केला नाही. 'ब्लेड रनर'च्या बाबतीत आधी प्रक्षेप केला तो निर्मात्यांनी, आणि नंतर पाठ बदलला तो खुद्द कर्त्याने. कर्त्याने दहा आणि पंचवीस वर्षांनी केलेला बदल मूळ पाठाला रद्द करतो काय? चार्ल्स डिकन्स यांनी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा (१८६१) शेवट छपाईपूर्वी मित्राच्या सल्ल्यावरून बदलला. आज अभ्यासक दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचतात आणि त्यांतील अंतरातून कादंबरीविषयी काही शिकतात. 'अंतिम' हे विशेषण विक्रेत्याला सोयीचे असले, तरी अभ्यासकावर ते बंधनकारक नाही.

६

प्रस्तुत लेखकाच्या मते या वादातील खरी उणीव वेगळीच आहे. दोन्ही पक्ष डेकार्डला चाचणीच्या खुर्चीत बसवतात. डोळ्यांतील चमक, छायाचित्रे, शारीरिक बळ, स्वप्न यांची नोंद घेऊन 'हा माणूस की यंत्र?' असा निवाडा ते मागतात. परंतु हीच तर ब्लेड रनरची नोकरी! लक्षणांवरून सजीवांची वर्गवारी करणारी आणि त्या वर्गवारीवर कोणाचे जगणे, कोणाचे मरणे सोपविणारी ही दृष्टीच चित्रपटाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली आहे. जो प्रेक्षक पुरावे गोळा करून निर्णय देतो, तो नकळत त्या यंत्रामागे जाऊन बसतो.

अंताचे सामर्थ्य या प्रश्नाच्या उत्तरात नाही. आपण कोण आहोत याची खात्री उरलेली नसताना डेकार्ड रेचेलचा हात सोडत नाही, यात ते आहे. म्हणूनच नैतिक युक्तिवाद करणाऱ्या पक्षाची भीतीही अनाठायी ठरते. बॅटीने ज्याला वाचविले तो कोण होता हे बॅटीने विचारले नाही. त्या कृतीचे मोल त्या न विचारण्यात आहे. याच निकषावर सुखान्त असलेला १९८२ चा पाठ दुर्बळ ठरतो. तेथील निवेदक रेचेलला वाढीव आयुष्य देऊन आपली चिंता मिटवतो आणि नश्वरता पत्करून केलेल्या प्रेमाला हिशेबी समाधानाचे रूप देतो. दिग्दर्शकाचे २००० सालचे निःसंदिग्ध विधानही त्या निवेदनाचेच दुसरे रूप होय. दोन्ही प्रेक्षकाला अनिश्चिततेतून सोडवू पाहतात. १९९२ चा पाठ अधिक समर्थ आहे तो दिग्दर्शकाचा आहे म्हणून नव्हे, तर त्यात शंकेला जागा आहे आणि निवाडा नाही, म्हणून.

डेनी व्हिलनव्ह यांनी 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) या उत्तरभागात ही जागा राखली, हे त्यांच्या कलादृष्टीचे गमक मानावे लागेल. रेचेलवरचे तुझे प्रेम आधीच आखून ठेवलेले असेल काय, असा संशय तेथे डेकार्डपुढे टाकला जातो. पण त्याचा उलगडा होत नाही. डेकार्डचा कुत्रा खरा आहे काय, असे विचारले जाते तेव्हा, ते कुत्र्यालाच विचार, अशा आशयाचे उत्तर तो देतो. इतक्या वर्षांच्या वादाला याहून समर्पक प्रत्युत्तर चाहत्यांना अद्याप सुचलेले नाही.

७

आपल्या अभ्यासव्यवहाराच्या दृष्टीने या चर्चेतून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, कोणतीही कृती शिकविताना ती कोणत्या आवृत्तीतील आहे आणि कर्त्याने, संपादकाने वा प्रकाशकाने तीत काय बदलले, हे सांगणे हा अध्यापनाचा भाग मानला जावा. सुधारित आवृत्तीला मूळ समजून केलेले विवेचन कितीही सुबक असले तरी त्याचा पाया ठिसूळ राहतो. दुसरी, 'लेखकाला काय म्हणायचे आहे?' या साच्यातील प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकांतून कमी व्हावेत आणि त्यांच्या जागी 'ही संहिता आपल्याला काय ठरवू देते आणि काय ठरवू देत नाही?' असा प्रश्न यावा. त्याचे उत्तर मार्गदर्शिकेत सापडणार नाही. त्यासाठी संहितेची पाने पुन्हा उलटावी लागतील. एका चित्रपटाचे चाहते कोणत्याही पदवीच्या अपेक्षेशिवाय तेच करीत आले आहेत, एवढे तरी आपण लक्षात घ्यावे.