चाप हलका करावा का?

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेतलेल्या माणसाचा दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न ठरलेला असतो: "ट्रिगर बदलून घेऊ का रे? फार जड लागतो." इथे टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या आणि कायद्याने मज्जाव नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. त्यामुळे ग्रीनकार्ड हातात पडलेली आपली मंडळीसुद्धा आता घराच्या व्याजदराइतक्याच उत्साहाने ट्रिगरवर बोलायला लागली आहेत. (एच-वन-बीवर असाल तर आधी कायदा वाचा. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवणं हा फेडरल गुन्हा आहे. मी स्वतः ते लायसन्स काढूनच रेंजवर जातो, शिकार आजवर एकही केलेली नाही :))

माझं उत्तर थोडक्यात: रोज कमरेला लावायच्या पिस्तुलाचा ट्रिगर बदलू नये. पण समोरच्या बाजूचं म्हणणं उगाच उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून आधी तेच.

ट्रिगर, म्हणजे आपला चाप, 'साडेपाच पौंडाचा' आहे असं म्हणतात तेव्हा तो ओढायला तेवढा जोर लागतो असा अर्थ. साध्या ग्लॉकचा साडेपाच पौंडांच्या आसपास असतो, म्हणजे अंदाजे अडीच किलो. आता गंमत बघा. भरलेलं ग्लॉक-१९ एक किलोचंही नाही. म्हणजे किलोभरापेक्षा हलकी वस्तू हातात धरायची, तिच्यावर एका बोटाने अडीच किलोचा जोर लावायचा आणि वर ती हलता कामा नये! नवशिक्याच्या गोळ्या डावीकडे खाली जातात (उजव्या हाताने मारत असेल तर) त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. चाप हलका केला की कागदावरचा गोळ्यांचा पुंजका लगेच आवळतो. त्यात मनाचे खेळ काही नाहीत, साधं भौतिकशास्त्र आहे. स्पर्धेतले नेमबाज दोन-तीन पौंडांचे ट्रिगर हौसेने वापरत नाहीत.

आणि जड ट्रिगरची किंमतही लोकांनी मोजलेली आहे. चुकून गोळी सुटू नये म्हणून न्यूयॉर्क पोलिसांनी वर्षानुवर्षं आपल्या पिस्तुलांना जवळजवळ १२ पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपासचा ट्रिगर लावला. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो मेला, पण फुटपाथवरचे ९ जण जखमी झाले, आणि ते सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि तुकड्यांनी. त्यानंतर त्या जड ट्रिगरवर भरपूर टीका झाली. सगळा दोष ट्रिगरचा नसणार, पण 'जितका जड तितका सुरक्षित' हे म्हणणं मात्र त्या फुटपाथवर निकालात निघालं. नेम चुकला तर गोळी हवेत विरघळत नाही, कुणाला तरी लागते.

मग मी हलक्या चापाच्या विरोधात का?

कारण रेंजवर आपण फक्त गोळी मारण्याचा सराव करतो. कमरेला पिस्तूल लावणारा माणूस त्याच्या हजारपट वेळ गोळी न मारण्यात घालवतो. तो पिस्तूल होल्स्टरमध्ये घालतो, काढतो, गाडीत बसतो, पँट सारखी करतो, वाकून मुलाच्या बुटाची नाडी बांधतो. होल्स्टरमध्ये पिस्तूल परत सरकवताना शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकली, तर त्या टोकाला तुमचा हेतू माहीत नसतो. साडेपाच पौंडांना बऱ्याचदा हाताला कळतं की काहीतरी अडतंय. तीन पौंडांना कळेपर्यंत गोळी मांडीतून गेलेली असू शकते.

आणि खरंच प्रसंग आलाच, तर? हृदय धडधडतंय, हात थरथरतायत, बोटांची संवेदना निम्मी झाली आहे. एका हाताची मूठ घट्ट आवळली की दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळतात, दचकलं तरी आवळतात, तोल गेला तरी आवळतात. बोट चापाबाहेर ठेवायचं हे सगळ्यांनाच शिकवतात, पण ताणाखाली बोट आत शिरतं आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. समोरच्याने हात वर केले, तुम्ही पिस्तूल रोखून पोलिसांची वाट बघताय, ही अवस्था काही मिनिटं चालू शकते. त्या मिनिटांत मला तरी चाप थोडा हट्टी असलेला आवडेल.

मॅनहॅटनमधलं १९८३ चं फ्रँक मॅग्लियाटोचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. त्याच्या फेरारीला एका गाडीने धक्का दिला, त्याने पाठलाग केला, वाद वाढला. याने रिव्हॉल्व्हर काढलं आणि हॅमर मागे ओढला. रिव्हॉल्व्हरचा हॅमर असा आधीच ओढून ठेवला की चाप अगदी हलका होतो, म्हणजे एका अर्थी झटपट केलेलं ट्रिगर जॉबच. गोळी सुटली, समोरचा माणूस मेला. बचाव असा की मी स्वतःला वाचवायला पिस्तूल रोखलं, पण गोळी चुकून सुटली. त्याला शिक्षा झाली.

यातली मेख नीट समजून घ्या. 'स्वसंरक्षण' म्हणजे 'मी जाणूनबुजून गोळी मारली, कारण दुसरा इलाज नव्हता'. 'चुकून सुटली' ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. सरकारी वकिलाला 'याने ठरवून खून केला' हे सिद्ध करणं अवघड असतं, पण 'हा निष्काळजी होता' हे पटवणं त्या मानाने सोपं. तुम्ही शपथेवर सांगाल की मी ठरवून मारली, आणि तो ज्यूरीला म्हणेल की नाही, याने ट्रिगर हलका करून घेतला होता, घाबरला आणि बोट लागलं. दिवाणी दाव्यात तर याला आणखी एक कारण आहे. घराचा विमा सहसा मुद्दाम केलेल्या कृत्याचे पैसे देत नाही, निष्काळजीपणाचे देऊ शकतो. त्यामुळे समोरच्याच्या वकिलालाही तुम्ही निष्काळजी असलेलेच हवे असता.

ज्यूरी चापाकडे किती बारकाईने बघते, याचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या एका अंधाऱ्या जिन्यात पीटर लियांग या नवख्या पोलिसाच्या पिस्तुलातून गोळी सुटली, भिंतीवरून उडाली आणि खालच्या मजल्यावरच्या अकाई गर्ली या तरुणाचा जीव गेला. लियांग म्हणाला, आवाजाने दचकलो आणि सुटली. ट्रिगर न्यूयॉर्क पोलिसांचा, जवळजवळ १२ पौंडांचाच. ज्यूरीच्या माणसांनी ते पिस्तूल हातात घेऊन चाप स्वतः ओढून पाहिला. २०१६ मध्ये त्यांनी लियांगला दोषी ठरवलं (पुढे न्यायाधीशांनी गुन्हा सौम्य केला). आता कल्पना करा, तुमच्या खटल्यात तेच बारा लोक चाप ओढतायत आणि तो टिचकीसरशी सुटतोय. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात पिस्तूल धरलेलं नसणार!

"शूटिंग योग्य असेल तर ट्रिगरने काय फरक पडतो?" असं विचारणारे भेटतात. कायद्याच्या पुस्तकात फरक पडत नाही, बरोबर आहे. पण खटला तेव्हाच उभा राहतो जेव्हा योग्य की अयोग्य हे कुणालातरी स्पष्ट दिसत नसतं. ॲरिझोनात हॅरॉल्ड फिश या निवृत्त शिक्षकाने २००४ मध्ये डोंगरातल्या पायवाटेवर अंगावर धावून येणाऱ्या माणसाला मारलं. त्याच्या खटल्यात पिस्तूल १० मिलिमीटरचं होतं आणि गोळ्या हॉलो पॉइंट होत्या, हेही ज्यूरीसमोर उगाळलं गेलं. दोन्ही गोष्टी पूर्ण कायदेशीर. २००६ मध्ये शिक्षा, २००९ मध्ये अपिलात रद्द. मधली तीन वर्षं तुरुंगात.

आता खास आपल्या जमातीसाठी एक मुद्दा. सिग पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात पडलं तर सुटतं, हे २०१७ मध्ये उघड झालं. एक कारण असं की चापाचं स्वतःचं वजन जास्त होतं. पिस्तूल आपटून थांबायचं आणि चाप मात्र जडत्वाने मागे जायचा. कंपनीने जी सुधारणा दिली तिच्यात हलक्या वजनाचा चाप होता. कारखान्यातल्या, दिवसभर हेच करणाऱ्या इंजिनियरांच्या हातून जे निसटलं, ते शनिवारी दुपारी तीस डॉलरचा पार्ट आणि यूट्यूब घेऊन बसलेल्या माणसाच्या लक्षात येणार? फायरिंग पिनची स्प्रिंग हलकी केली की चाप मऊ होतो खरा, पण प्रायमरवरचा ठोकाही मऊ होतो आणि ऐन वेळी नुसतं 'क्लिक' ऐकू येऊ शकतं. प्रॉडक्शनवर थेट हात घालून, टेस्टिंग न करता शुक्रवारी संध्याकाळी घरी जाणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

साइट्स बदला, ग्रिपला टेप लावा, त्याला माझी ना नाही. त्याने नेम सुधारतो आणि कोर्टात कुणाला काही सुचत नाही. स्पर्धेची हौस असेल तर वेगळं पिस्तूल घ्या आणि त्याचा चाप हवा तेवढा मऊ करा. तिथे चुकून गोळी सुटली तर बाद करून घरी पाठवतात, बस. कमरेच्या पिस्तुलाचा चाप आवडतच नसेल तर मुळातच चांगला चाप असलेलं दुसरं मॉडेल घ्या. हल्ली कारखान्यातूनच बरे ट्रिगर येतात. आमच्या टीममधल्या एकाने दीडशे डॉलरचा ट्रिगर मागवला होता. तेवढ्यात सरावाच्या चारपाचशे गोळ्या आल्या असत्या, आणि डावीकडे खाली जाण्याचा रोग त्याने जास्त बरा झाला असता.

एकच अपवाद मला खरा वाटतो. बोटात ताकद नाही, संधिवात आहे, चाप ओढलाच जात नाही अशी व्यक्ती. तिला सराव कर म्हणणं क्रूरपणा आहे. तिच्यासाठीही आधी दुसरं पिस्तूल हातात धरून बघावं. काहीच जमलं नाही तर कंपनीचाच सुटा भाग, कंपनीने प्रशिक्षित केलेल्या कारागिराकडून बसवून घ्यावा, आणि कारण लिहिलेली पावती डॉक्टरच्या चिठ्ठीसकट फाइलला लावून ठेवावी.