पोटगीचा आकडा आणि शाळेची फी

घटस्फोट झाला म्हणजे नवरा-बायकोचे नाते तुटते, बाप-लेकराचे तुटत नाही, हे वाक्य आपल्याकडे कोणीही मान्य करील. वाद सुरू होतो तो जून महिन्यात, शाळेची फी भरायची वेळ आल्यावर. आई म्हणते, पोटगी वाढवून द्या, शाळेची फी वाढली. बाप म्हणतो, खाजगी शाळा हवी कशाला? गावात सरकारी शाळा आहेच की. आणि ऐकणारे आपण, ‘बाईच्या मागण्या काही संपत नाहीत’ असे म्हणून मोकळे होतो.

मला वाटते, या मागणीकडे आपण नीट पाहिलेलेच नाही. पोटगी म्हणजे जीव जगवण्यापुरते दोन घास, ही कल्पना आपल्या मनात फार खोल रुतून बसली आहे. तिला कायद्याचाही हातभार लागला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली होती. काही राज्यांनी ती आपापल्या परीने वाढवली. पण देशभरासाठी ती उठली २००१ साली. इंदूरच्या शहाबानो यांचे नाव आपण धर्म आणि राजकारणाच्या वादात ऐकतो. त्या वादात एक आकडा हरवला. १९७९ साली दंडाधिकाऱ्यांनी त्यांना मंजूर केलेली रक्कम होती महिना २५ रुपये! उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. नवऱ्याची मिळकत वर्षाला साठ हजारांच्या घरात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पंचवीस रुपयांत तेव्हा तरी काय येत होते?

परंतु मुलाच्या बाबतीत कायदा दोन घासांवर थांबत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात ‘निर्वाह’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की तीत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांच्या जोडीला शिक्षणही बसते. मुसलमान आई-बापांच्या मुलांनाही कलम १२५ खाली निर्वाह मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले. पुढे ४ नोव्हेंबर २०२० रोजी, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी सोसावा. आई पुरेसे कमावत असेल तर दोघांनी ऐपतीप्रमाणे वाटून घ्यावा. शिकवणीचा खर्चही त्यात धरता येतो, फक्त तो अवाच्या सवा नसावा.

आता ‘सरकारी शाळा आहेच की’ या मुद्द्याकडे वळू. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्या शाळेचा मला कमीपणा वाटत नाही. म्हणूनच तिचे नाव असे वापरलेले पाहून राग येतो. संसार चालू असताना ज्याने मुलाला खाजगी शाळेत घालण्यासाठी रांगा लावल्या, देणगी भरली, पाहुण्यांत मोठेपणा मिरवला, त्यालाच कोर्टाच्या पायरीवर झेडपीच्या शाळेचे प्रेम कसे सुचते? माझी कसोटी साधी आहे: घर मोडले नसते तर हे पोर कोणत्या शाळेत गेले असते? तीच शाळा, तेवढीच फी. उलट, आधी मूल सरकारी शाळेत रमले होते आणि आईने केवळ ईर्ष्येपोटी, विचारपूस न करता महागडी शाळा गाठली, तर मी बापाच्या बाजूने बोलेन. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाकडून लाखाची फी मागण्यातही न्याय नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत, तो एक आधार. पण तोही आठवीपर्यंतच.

खरी अडचण तत्त्वाची नाही, पुराव्याची आणि वेळेची आहे. नोकरदाराची पगारपत्रिका तरी मिळते. आमच्याकडे बहुतेक बाप शेतकरी, नाहीतर अडत, ट्रॅक्टर, किराणा असल्या धंद्यांतले. कोर्टात उभे राहिले की सगळ्यांचेच उत्पन्न शून्य! ट्रॅक्टर भावाच्या नावावर, दुकान आईच्या. २०२० च्या त्याच निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्तेचे व उत्पन्नाचे शपथपत्र सक्तीचे केले आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुनाही दिला. जमीन किती, पिके कोणती, जनावरे किती, सारे त्यात लिहावे लागते. हे फार चांगले झाले. पण ते खोटे आहे हे दाखवायला सातबाऱ्याचे उतारे गोळा करत हिंडायचे कोणी? त्या एकट्या बाईनेच.

आणि वेळ. शाळा फी वाढवते तेव्हा पालक-शिक्षक संघाची समिती बसते, त्यासाठी महाराष्ट्राने २०११ साली खास कायदा केला. पोटगी मात्र आपोआप एक रुपयाने वाढत नाही. पहिलीच्या वर्षी ठरलेला आकडा सातवीत अपुरा पडला की पुन्हा अर्ज, पुन्हा वकील, पुन्हा तारखा. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. रक्कम वाढवून मागण्याचे कलम तिच्यात १४६ आहे. कलमाचा क्रमांक बदलला, हेलपाटे तेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीच्या पोटगीत दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ आदेशातच लिहून दिली. मुलांच्या प्रत्येक आदेशात असे एक वाक्य का असू नये? फीची रक्कम बापाने परस्पर शाळेत भरावी असेही त्यात लिहावे, म्हणजे ‘बाई पैसे उडवते’ हा नेहमीचा आरोपही उरणार नाही.

एक गोष्ट आपल्या वयाची. या संहितेखालचा निर्वाह मूल सज्ञान होईपर्यंतच. मुलगी अविवाहित असेल आणि तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर १९५६ च्या कायद्याचा आधार तिला पुढेही मिळतो. मुलाला तसा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ साली एका आईला, मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत दरमहा रक्कम द्यायला लावली. पण तो एका आईला मिळालेला दिलासा. बाकीच्यांच्या घरी बारावीचा निकाल लागतो, प्रथम वर्षाच्या प्रवेशाची फी भरायची असते आणि पोटगीचा आदेश मुलाच्या अठराव्या वाढदिवसालाच संपलेला असतो.