गणवेश उसना, हुकूम जुनाच

एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर दोघांचा माल एकाच कारखान्यात तयार होतो. जुळणी होताना सरमिसळ होते आणि एकाच्या अंगावर दुसऱ्याची पृष्ठप्रथिने चढतात. आत जनुके एकाची, बाहेर गणवेश दुसऱ्याचा!

जिवाणूंवर वाढणाऱ्या टी-२ आणि टी-४ या विषाणूंत आरन नोविक आणि लिओ झिलार्ड यांनी १९५१ साली हे दाखवले. (अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना मांडणारे झिलार्ड ते हेच.) मात्र हा उसना गणवेश एका पिढीपुरताच टिकतो. पुढच्या पेशीत आतल्या जनुकांचाच हुकूम चालतो आणि संतती मूळ वळणावर जाते. म्हणून अशा बातमीवर 'नवा विषाणू जन्मला' अशी जी आरोळी उठते, ती मला पटत नाही.

पण एका पिढीतही बरेच काही घडते. २०२२ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी मानवी फुफ्फुसाच्या पेशींत इन्फ्लुएन्झा ए आणि आरएसव्ही एकत्र वाढवले. त्यातून दोघांचीही प्रथिने अंगावर असलेले कण निघाले. इन्फ्लुएन्झाला अडवणारी प्रतिपिंडे समोर असूनही हे कण आरएसव्हीच्या प्रथिनाच्या आधारे नव्या पेशींत शिरले. पहारेकरी गणवेश पाहतो, खिशातला हुकूम त्याला दिसत नाही. हा प्रयोग पेशींवरचा होता, रुग्णांवरचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे लिहितो.

आपल्या डॉर्मिटरीत खाटेला खाट लागून असते. अंगात ताप असताना पी.टी.ला उभा राहणारा कॅडेट इथे 'टफ' ठरतो, सिक रिपोर्ट करणारा कामचोर. काही पालकही फोनवर बजावतात, "क्रॉस कंट्री चुकवू नकोस." मला हे साफ नामंजूर आहे. खोकत फॉल-इनमध्ये उभा राहणारा मुलगा स्वतःचा विषाणू शेजाऱ्याला देतो आणि शेजाऱ्याचा आपल्याकडे घेतो. दोन विषाणूंची एकाच छातीत गाठ घालून देण्याची याहून सोपी रीत नाही. एम.आय. रूममध्येही 'ताप' एवढ्याच नावाखाली सगळ्यांना दाटीवाटीने झोपवू नये. प्रत्येकाचा ताप एकाच विषाणूचा असेल असे नाही.

हाउस कॅप्टननी मनावर घेतले तर याच टर्ममध्ये फरक पडेल. तापलेल्या ज्युनियरला फॉल-इनमधून काढून थेट एम.आय. रूमकडे पाठवा, आणि त्यापायी हाउसचा एकही पॉइंट कापू नका.