घर घेताना चौरस फुटांबरोबर तासही मोजा

दसरा किंवा पाडवा जवळ आला की वर्तमानपत्रांची पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात आणि दवाखान्यात खोकल्याच्या औषधाबरोबर एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, बदलापूरला जागा बघितलीय, घेऊ का?" जागेतले मला काय कळते, असे म्हणून हा प्रश्न टाळता येतो. पण दोन-तीन वर्षांनी त्याच घरातली माणसे पाठदुखी, आम्लपित्त, वाढलेला रक्तदाब आणि अपुरी झोप घेऊन जुन्या डॉक्टरकडेच येतात. तेव्हा या विषयावर डॉक्टरनेही चार शब्द बोलायला हरकत नसावी.

जाहिरातीत लिहिलेले असते, "स्टेशनपासून पाच मिनिटे". ही पाच मिनिटे रविवारी दुपारी मोटारीतून मोजलेली असतात. सोमवारी सकाळी रिक्षाच्या रांगेत उभे राहिल्यावर ती किती होतात, हे तिथे राहणाराच सांगू शकतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४ आणि बदलापूर ६८ किलोमीटर. त्याच्याही पुढे कर्जत १००, कसारा १२१. नकाशावर डोंबिवली आणि बदलापूर यांत २० किलोमीटरचेच अंतर दिसते. पण शरीर किलोमीटर मोजत नाही, ते तास मोजते.

हिशेब करून पाहा. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत सव्वादोन तास धरले, तर जाऊन-येऊन रोजचे साडेचार तास झाले. वर्षाचे २७० दिवस कामाचे धरले तर १,२१५ तास, म्हणजे अहोरात्र मोजले तर वर्षातले पन्नास दिवस हा मनुष्य प्रवासातच असतो. हे पन्नास दिवस येतात कुठून? कचेरीचे तास कमी होत नाहीत. म्हणून ते झोपेतून, व्यायामातून, मुलांच्या अभ्यासातून आणि जेवणाच्या वेळेतून कापले जातात. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. सहाची गाडी पकडण्यासाठी साडेचारला उठणारा आणि रात्री साडेअकराला पाठ टेकणारा माणूस पाच तासांवर दिवस काढतो. वर्षानुवर्षे असे चालले की रक्तदाब चढतो, वजन वाढते, साखर आटोक्यात राहत नाही. मग तो गोळी वाढवून मागतो. गोळी मी वाढवतो, पण त्याची गाडी काही मला उशिराची करता येत नाही.

जेवणाचेही तसेच. रात्री दहाला ताट आणि अकराला अंथरूण, मग छातीत जळजळ होणारच. मधुमेह असेल, तर दुपारचा डबा आणि रात्रीचे जेवण यांत नऊ-दहा तासांचे अंतर पडते आणि मधली भूक स्टेशनवरच्या वडापाववर भागते. गर्दीची तर वेगळीच कथा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे प्राण गेले, ही बातमी सर्वांनी वाचली. आत सुखरूप उभा असलेला माणूसही रोज दीड-दीड तास एका पायावर भार देऊन उभा असतो. पोटऱ्यांच्या फुगलेल्या शिरा आणि कंबरेतून निघणारी कळ ही त्या उभे राहण्याची देणगी आहे.

नोकरी करणाऱ्या बायकांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण जागा पाहायला गेलेले पुरुष हा विचार सहसा करत नाहीत. पाणी पहाटे येते, डबे करायचे असतात, म्हणून घरात पहिली ऊठ तिचीच. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून कित्येक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी तासन्‌तास अडवून धरतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा का होतो, असे त्या मला विचारतात. प्रतिजैविकाने जळजळ थांबते, पण सवय तीच राहिली तर महिन्या-दीड महिन्याने बाई पुन्हा दारात उभी असते. उलट हेही खरे, की महिलांच्या डब्यात भाजी निवडता निवडता जमलेला गोतावळा अनेकींच्या आयुष्यातला खरा शेजार आहे. त्या डब्यात हळदीकुंकू होते, दसऱ्याला गाडीला तोरण लागते, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले तर पेढे वाटले जातात. प्रवास नुसता वाईटच, असे मी म्हणणार नाही.

स्टटझर आणि फ्रे या दोन स्विस अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून २००८ साली एक निष्कर्ष मांडला. लांबचा प्रवास करणाऱ्या माणसाला मोठे घर किंवा जास्त पगार मिळून त्याची भरपाई व्हायला हवी होती. पण एकंदरीत असे लोक कमी समाधानी आढळले. मला यात नवल वाटत नाही. नव्या घरातल्या जादा खोलीची नवलाई वर्षभरात ओसरते. गाडी कधी दहा मिनिटे उशिरा, कधी रद्द, कधी पावसात बंद, याची सवय मात्र कधीच होत नाही.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग जवळचे लहान घर घ्यावे, प्रश्न मिटला. तसे नाही. प्रवास घरातला एक किंवा दोघे करतात, पण शेजार सगळ्या घराला लागतो आणि म्हाताऱ्या माणसांना तो औषधाइतकाच लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात १९६५ पासून सुमारे ७ हजार प्रौढांचा नऊ वर्षे पाठपुरावा केला गेला. बर्कमन आणि साइम यांनी १९७९ साली त्यातून दाखवले की, ज्यांचे नातेवाईक, मित्र, मंडळे यांच्याशी संबंध तुटपुंजे होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. धूम्रपान, मद्यपान, आर्थिक स्थिती यांचा हिशेब वेगळा करूनही हा फरक उरला.

माझ्या माहितीतल्या दोन गोष्टी सांगतो. एक आजोबा जुन्या दुमजली इमारतीत एकटेच राहत. सकाळी आठ वाजले तरी दाराला लावलेली दुधाची पिशवी तशीच दिसली, म्हणून समोरच्या वहिनींनी दार ठोठावले. आजोबांचे तोंड वाकडे झाले होते, पण रात्री उशिरापर्यंत ते ठीक होते आणि पहाटे उठून त्यांनी दिवाही लावला होता. म्हणजे झटका येऊन फार वेळ झालेला नव्हता. पोरांनी खुर्चीत बसवून खाली आणले, वेळेत इस्पितळ गाठले, आज ते काठी घेऊन देवळापर्यंत जातात. दुसरे गृहस्थ चौदाव्या मजल्यावर, मुलगा आणि सून दोघेही मुंबईला. सकाळी दहाच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला. मुलगा रात्री नऊला घरी पोचला तेव्हा वडील जमिनीवर होते. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ केव्हाच टळून गेली होती. त्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत आणि सगळी माणसे चांगली आहेत. फक्त कोणी कोणाला ओळखत नव्हते.

म्हणून माझे मत असे. घरात सत्तरीच्या पुढचे माणूस असेल, तर शहर बदलू नये. डोंबिवलीत चाळीस वर्षे काढलेल्या आईला फडके रोड, गणपतीचे देऊळ, भाजीवाली, वाचनालय हे सगळे पाठ झालेले असते. तिला त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे हलवा, घर शंभर फुटांनी लहान असले तरी चालेल. घरात फक्त नवरा-बायको आणि लहान मूल असेल, तर मी प्रवासाला जास्त गुण देईन. कारण तरुण माणसे नवा शेजार जोडू शकतात, पण गेलेली झोप कशाने भरून काढणार? आणि २०२० नंतर ज्यांना आठवड्यातून दोनच दिवस कचेरीत जावे लागते, त्यांनी खुशाल लांब जावे. फक्त ही सवलत टिकेल का, हे कर्जाची वीस वर्षे डोळ्यांपुढे ठेवून पाहावे.

हप्ता परवडत नाही म्हणूनच लोक लांब जातात, हे मला कळते. ज्याला निवडच नाही त्याला उपदेश करणे सोपे असते. पण पुष्कळांना निवड असते आणि ती ते स्नानगृहातल्या फरशीवरून करतात. व्यवहार करण्याआधी सोमवारी सकाळी स्वतः त्या स्टेशनवरून गाडी पकडून पाहा आणि संध्याकाळी सहाच्या गर्दीत परत या. मेट्रो होणार आहे, पूल होणार आहे, असे सांगितले जाते; जे आज चालू आहे तेवढेच धरा. शक्य असेल तर तिथे एक पावसाळा भाड्याने राहा. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हे आठवते ना? २००५ आणि २०१९ साली पाणी कुठवर आले होते, हे दलालाला न विचारता कोपऱ्यावरच्या जुन्या वाणसामानवाल्याला विचारा. घरात कोणाला दमा असेल, तर कारखान्यांच्या कुंपणाला लागून घर घेऊ नका. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेले स्फोट विसरण्यासारखे नाहीत. मध्यरात्री उघडे असणारे इस्पितळ किती दूर आहे आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, हेही पाहून घ्या. लिफ्टचा प्रश्न आजवर मला एकाही गिऱ्हाइकाने विचारलेला नाही.

ज्यांचा व्यवहार आधीच होऊन गेला आहे, त्यांनी हळहळत बसू नये. संध्याकाळी कचेरीतून निघण्यापूर्वी पोळी-भाजी खाऊन घ्यावी आणि रात्री घरी फक्त ताकभात किंवा सूप घ्यावे. बायकांनी पाण्याची बाटली भरून नुसती वागवू नये, संपवावी. घरी वडीलधारे एकटे असतील, तर दुपारी एक ठरावीक फोन असावा आणि तो उचलला गेला नाही तर कोणी वर जाऊन पाहायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत १०८ आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर लिहावेत, किल्लीचा एक जोड समोर द्यावा. समोरच्यांचे आडनाव अजून माहीत नसेल, तर ते आज संध्याकाळीच विचारून घ्या.