सायकलीवरून दिसलेली खारवट जमीन

गेल्या माघात आम्ही साताऱ्याहून सायकलीने नृसिंहवाडीस गेलो. मोटारीतून शिरोळ तालुका नुसता हिरवा दिसतो. सायकलीवरून मात्र उसाच्या फडांमधोमध मिठासारखे पांढरे पट्टे दिसले, आणि आमच्याने पुढे जाववेना. काळी, निचरा नसलेली जमीन. तीस नदीवरून उपसलेले बारमाही पाणी. त्या पाण्याबरोबर वर आलेले क्षार. असली शेते 'बागायत' म्हणून लिहिलेले उतारे आम्ही नोकरीत पुष्कळ नकलिले. बांधावर कधी गेलो नाही, हे कबूल केले पाहिजे.

जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घातल्यास ती पुन्हा पिकते, हे ह्याच तालुक्यात दिसून आले आहे. परंतु निचऱ्याचे पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचे तर खालच्या शेतकऱ्याने वाट दिली पाहिजे. पाणी आणणारी नळवाट दहाजणांच्या बांधांतून बिनतक्रार गेली. चरासच तेवढी हरकत!